पोपटाचा पेरू

पोपटानं टोचलेला पेरू मी स्वतः आणलाय, हे आधीच कबूल केलेलं बरं. कुपवाडच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कास्टिंग तपासायचं माझं काम. व्हर्निअरनं मोजल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. तोच मी एका रविवारी सकाळी मालगावच्या बाजूला, ओळखीच्यांच्या मळ्यात, पेरूच्या झाडाखाली मान वर करून उभा होतो. चांगला पिकलेला पेरू नको होता. राघूनं अर्धा खाल्लेला, चोचीच्या खुणा असलेला हवा होता. राघूचं उष्टं खाल्लं की मूल बोलायला लागतं म्हणतात. मळेवाल्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "पोरगं बोलत नाही व्हय?" एवढंच विचारलं आणि आकडीनं दोन काढून दिले. माझ्याआधी बरेच बाप तिथं येऊन गेले असणार.

घरी आईनं टोचलेल्या बाजूची फोड कापून इशूच्या तोंडात दिली. त्यानं ती चावली, बिया थुंकल्या आणि दुसरी हवी म्हणून आजीचा पदर ओढला. "अं," म्हणाला. तेवढंच. तेव्हा तो दोन वर्षं एक महिन्याचा होता.

आमच्या घरात या गोष्टीची काळजी करायची सोयच नव्हती, आणि त्याला कारण मी. मी म्हणे साडेतीन वर्षांचा होईस्तोवर ‘आं आं’ करत हिंडायचो आणि मग एके दिवशी एकदम बोलायला लागलो. आईचं वाक्य ठरलेलं: "तू तरी कुठं बोलत हुतास? आता गप बसवावं लागतंय." काका, आत्या, शेजारच्या वहिनी, सगळ्यांना हा दाखला पाठ. पोरगे उशिराच बोलतात. बापावर गेलाय. बोलंल की.

खरं तर दीड वर्षाच्या लसीलाच बालरोगतज्ज्ञांनी सहज विचारलं होतं, "शब्द किती बोलतो?" माझी बायको स्मिता म्हणाली, आठ-दहा. मी मान डोलावली. परत येताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, "आठ-दहा कुठले रे?" आम्हाला चारच आठवले. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं होतं. आम्ही गेलो सात महिन्यांनी. मधले चार महिने दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाहीत.

गेलो तेही गौरी-गणपतीत जे झालं त्यामुळे. माझ्या चुलतबहिणीची मुलगी, इशूपेक्षा तीन आठवड्यांनी लहान, मखरासमोर उभी राहून म्हणाली, "आजी, मला मोदक नको, पेढा दे." सगळे हसले, मीही हसलो. स्मिता स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्याच वेळी इशू माझं बोट धरून ते पेढ्याच्या ताटात टेकवत होता. त्याला पेढा हवा होता आणि ते सांगायला त्याच्याकडे माझं बोट होतं.

त्या रात्री रतीबाच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही त्याचे शब्द लिहिले. ‘आ’ म्हणजे आई, आजी, दोघीही. ‘बा’ म्हणजे बाबा, बस, बाप्पा. मम्मं. माऊ. भूर. ‘ना’ म्हणजे नाही. टाटा म्हणायचा ‘ता’. सात. ओढूनताणून सात. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द असावेत आणि त्यानं दोन शब्द जोडायला सुरुवात केलेली असावी, ‘बाबा भूर’, ‘मम्मं दे’ असं काही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पानावर खाली पुष्कळ जागा शिल्लक होती.

मग मोबाइलवरच्या रात्री सुरू झाल्या. हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. मूल नावाला वळून बघत नाही, मोठ्यांचा हात अवजारासारखा वापरतं, असं काही वाचलं की पोटात गोळा यायचा. मग शेजारी झोपलेल्या पोराकडे बघायचं. ऑटिझम हा शब्द आम्ही दोघं महिनाभर एकमेकांसमोर उच्चारत नव्हतो. फोनमध्ये मात्र दोघांनीही तोच शोधलेला. दिवसा तर मी त्याची परीक्षाच घ्यायला लागलो होतो. तो खेळत असताना मागून हळूच "इशू" म्हणायचं. वळला की जीव भांड्यात. नाही वळला की दिवसभर डोक्यात तेच. आमच्या वडिलांची पद्धत वेगळी. त्यांनी एकदा मागं जाऊन पितळी थाळी उलथन्यानं बडवली. इशू दचकून वळला. "ऐकू येतंय की चांगलं," वडील म्हणाले आणि पेपर वाचायला बसले. तो प्रश्न त्यांच्यापुरता निकाली निघाला.

डॉक्टरांनी या खेपेला आमच्याशी चाळीस मिनिटं बोलून घेतलं. इशूला जमिनीवर सोडलं आणि त्याच्याकडे बघत बघत प्रश्न विचारले. पंखा दिसला की बोट दाखवतो का? दाखवून तुमच्याकडे बघतो का, तुम्हीही बघताय का ते? खोटा खोटा चहा पितो का? इशू हे सगळं करायचा. खेळण्यातल्या कपानं तो डॉक्टरांना तिथंच चहा पाजून आला. मग वीस प्रश्नांचा एक छापील फॉर्म भरून घेतला. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असतो तो, हो किंवा नाही एवढंच लिहायचं. त्यात, मूल बहिरं असावं अशी शंका तुम्हाला कधी आली का, अशा अर्थाचा एक प्रश्न आहे. माझं पेन तिथं थांबलं. स्मितानं माझ्या हातातून ते घेतलं आणि ‘हो’वर खूण केली. मला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

गुण आले तीन. म्हणजे मधल्या पट्टीत. त्यात आले की त्या-त्या प्रश्नावर पुन्हा खोलात विचारतात. ते झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "या कागदानं निदान होत नाही, कुणाला पुढं पाठवायचं तेवढं कळतं. मला तशी फार भीती वाटत नाही. पण आधी कान."

"जन्मल्यावर झाली होती तपासणी," मी म्हणालो. फाइलीत शिक्काच होता, दोन्ही कान पास.

"जन्मल्यावरचं सोडा. आजचं काय?"

निघताना मी आमचं घरचं ब्रह्मास्त्र काढलं. "डॉक्टर, मीसुद्धा साडेतीन वर्षांनी बोललो." मला वाटलं, हसून म्हणतील मग काळजी नको. त्यांनी फाइल परत उघडली आणि एका रकान्यात ते लिहून घेतलं. तो रकाना जोखमीचा होता. घरात कुणी उशिरा बोललेलं असेल तर मुलाचं बोलणं रेंगाळण्याची शक्यता वाढते, म्हणून अशा मुलाला उलट लवकर दाखवायचं. दोन वर्षं ज्या गोष्टीवर अख्खं घर निर्धास्त होतं, ती इथं काळजीच्या खात्यात जमा झाली. जिभेचंही विचारून घेतलं, कारण एका मावशींनी जिभेखालची तार कापून आणायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी इशूला जीभ काढून दाखवली, त्यानं त्यांच्याहून लांब काढली. तो विषय संपला. पेरूचं मी बोललो नाही. स्मितानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पक्ष्याचं उष्टं फळ पुन्हा देऊ नका, पोट बिघडेल.

कानाच्या तपासण्या मिरजेत झाल्या. पहिल्या दोन सोप्या होत्या. कानात मऊ टोक बसवून पडदा किती हलतो ते बघतात, मशीन त्याचा आलेख काढतं. तो डोंगरासारखा वर जाऊन खाली यायला हवा. आमचा दोन्ही कानांचा सपाट आला, माणदेशातल्या माळासारखा. दुसऱ्या तपासणीत, ओएईत, आतल्या कानाकडून येणारा बारीक प्रतिध्वनी पकडतात. तोही मिळाला नाही. मग तिसरी तपासणी, बेरा.

बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. सूचना अशा: आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, काही तास आधी खायला देऊ नका आणि वाटेत अजिबात झोपू देऊ नका. मी दोन रात्रपाळ्या ओळीनं काढल्यात, पण भुकेल्या, झोप आलेल्या दोन वर्षांच्या पोराला सांगलीहून मिरजेपर्यंत रिक्षात जागं ठेवणं ही वेगळी पाळी आहे. टाळ्या वाजवल्या, खिडकीतून गाई-म्हशी दाखवल्या, स्मितानं ओल्या रुमालानं तोंड पुसलं. मिरजेत शिरता शिरता तो माझ्या खांद्यावर झोपला. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांनी सगळं घालवलं. तिथं पोचल्यावर तो टुणटुणीत. वजन करून झोपेचं औषध दिलं, त्यातलं निम्मं माझ्या शर्टवर आलं. दीड तास फेऱ्या मारल्या. शेवटी ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, "राहू दे, पुढच्या गुरुवारी या."

परत निघायचं मन होईना. सतारमेकर गल्लीतून चालत निघालो, उगाच. एका दुकानात वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, कान लावायचा, परत केसभर सरकवायचा. इशू माझ्या कडेवरून उतरला, थेट गेला आणि दोन्ही तळहात भोपळ्यावर ठेवले. त्यांनी तार छेडली. इशू हसला. हात उचलला, हसू गेलं. परत ठेवला, परत हसला. कारागीर माझ्याकडे बघून म्हणाले, "हातानं ऐकतंय लेकरू." ते कौतुकानं म्हणाले होते. मला तिथं उभं राहवेना.

पुढच्या गुरुवारी झोपला. कपाळ आणि कानामागची कातडी खरखरीत जेलनं घासून चिकटपट्टीसारखे इलेक्ट्रोड लावले, कानात बारीक नळ्या घातल्या. फोम लावलेली खोली, अंधार, आणि पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा. आवाज द्यायचा आणि मेंदूपर्यंतच्या वाटेवर त्याचं उत्तर उमटतंय का बघायचं. आवाज एकेक पायरीनं कमी करत जातात. त्यातली पाचवी लाट महत्त्वाची, असं बाईंनी सांगितलं. मी ती लाट धरून बसलो. मोठ्या आवाजाला दिसत होती. मग बारीक झाली. चाळीस डेसिबलच्या खाली रेघेत विरून गेली. निरोगी कानात ती याच्याही बऱ्याच खाली टिकते.

पडद्यामागं चिकट पाणी साठलेलं होतं, दोन्ही बाजूंना. ग्लू इअर म्हणतात. ते दुखत नाही, कान वाहत नाही, ताप येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लहान मुलांची घसा आणि कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते. त्यात सतत सर्दी, आणि नाकामागची गाठ वाढली की ती नळी तुंबते. इशू रात्री तोंड उघडं टाकून घोरायचा. आम्ही त्याचे व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचो, बघा आजोबांसारखा घोरतोय म्हणून.

"पण थाळीला वळतो की," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "थाळीला मीही वळेन. ‘स’ला वळतो का?"

हे मला नीट कळलं ते घरी गेल्यावर. फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या शेडमध्ये जाताना आम्ही फोमचे प्लग कानात घालतो. त्या संध्याकाळी दोन्ही कानांत ते घालून मी घरात वावरलो. कुकरची शिट्टी ऐकू आली. दार आपटलेलं ऐकू आलं. स्मिता स्वयंपाकघरातून काहीतरी बोलली, सूर कळला, प्रश्न आहे हे कळलं, शब्द कळेना. आई पाठमोरी बोलली ते तर नुसतं गुणगुणल्यासारखं. ‘चहा’ म्हणाली की ‘पहा’, की ‘राहा’, शेवटचा ‘आ’ तेवढा पोचला. अर्ध्या तासानं माझं लक्षच उडालं. कुणी बोलायला लागलं की मी मान फिरवून आपला टीव्ही बघायला लागलो. इशू नेमकं हेच करायचा आणि आम्ही म्हणायचो, ऐकत नाही, हट्टी आहे. ‘आ’, ‘बा’, ‘मम्मं’, ‘माऊ’. त्याच्या यादीत एकही ‘स’ नव्हता, ‘च’ नव्हता, ‘श’ नव्हता. जे पोचत होतं तेवढंच पोरगं बोलत होतं.

त्या रात्री स्मिता रडली. बहिरेपणाच्या भीतीनं नाही. गेल्या आठवड्यात तिनं त्याला "किती वेळा हाक मारायची?" म्हणून धपाटा घातला होता.

उपचार म्हणाल तर पहिल्यांदा काहीच नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे पाणी बऱ्याच मुलांत आपोआप ओसरतं, तीन महिने थांबून परत बघू. नाही ओसरलं तर पडद्याला बारीक छेद देऊन ग्रोमेट म्हणजे इवलीशी नळी बसवायची. तोवर बोलताना समोर या, जवळ या, टीव्ही बंद ठेवा. आणि स्पीच थेरपी आजच सुरू करा, कान मोकळे व्हायची वाट बघू नका.

थेरपी म्हणजे बाई त्याला बोलायला शिकवणार, आम्ही बाहेर बाकावर बसणार, अशी माझी कल्पना. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हालाच आत बसवलं. "तुम्ही रोज खेळता तसे खेळा." आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला. मग तो आम्हाला दाखवला आणि हातात कागद दिला. माझे प्रश्न मोजायला सांगितले. मोजणं माझा धंदाच. दहा मिनिटांत चौतीस. हे काय आहे? हा कुठला रंग? गाय कशी करते? बोल ना. बोल. सांग ना बाबाला. दोन प्रश्नांच्या मध्ये मी श्वाससुद्धा घेत नव्हतो. इशू दोनदा तोंड उघडतो आणि दोन्ही वेळा माझा पुढचा प्रश्न येऊन आदळतो, हे त्या पडद्यावर दिसलं. मुलाखत घेणाऱ्या साहेबासमोर बसल्यासारखा दिसत होता बिचारा.

"प्रश्न बंद," थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. गाय आली. गाय पाणी पिते. आणि थांबा. मनात दहा मोजा."

दहा मोजणं किती लांब असतं ते करून बघा. मुलाच्या डोळ्यांत डोळे घालून, भुवया वर करून, काही न बोलता दहा. मी सहालाच फुटायचो. आई तीनला.

बिस्किटं पारदर्शक डब्यात घालून झाकण घट्ट लावायचं आणि डबा त्याच्या हातात द्यायचा. दिसतंय, पण निघत नाही. म्हणजे त्याला आपल्याकडे यावंच लागतं. मग "उघड" हा शब्द आपण म्हणायचा, एकदाच, त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन. त्यानं नुसतं "उ" केलं तरी उघडायचं. ‘नीट बोल, मग देतो’ असं म्हणून अडवायचं नाही, हे त्यांनी तीनतीनदा बजावलं. तो एक शब्द बोलला की आपण दोन करून परत द्यायचा. तो "माऊ" म्हणाला, तर आपण "माऊ झोपली". दूध की पाणी, दोन्ही भांडी समोर धरून विचारायचं. एवढंच. सगळी थेरपी असल्याच गोष्टींची, ऐकताना वाटतं यात काय मोठं, आठवड्याला दोनदा पाचपाचशे रुपये कशाला. पहिले दोन महिने मला तसं वाटलंच. आमच्याकडचा एक मोल्डर कवठेमहांकाळहून येतो. त्याच्या मुलीला अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकानं हेरलं आणि सरकारी केंद्रात पाठवलं, तिची थेरपी फुकट झाली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी अशी केंद्रं काढलीत, हे मला जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडून कळलं. शिकलेले आम्ही, आणि पेरू शोधत हिंडलो.

भाषेवरून घरात वेगळंच भांडण पेटलेलं. स्मिता अथणीची. तिच्या माहेरी कन्नड. महिन्याकाठी चार दिवस इशू तिकडे असतो, आणि एरवी रोज संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. माझ्या आत्याचं म्हणणं, दोन भाषांत पोराचा गोंधळ होतोय, कन्नड बंद करा. एका मित्रानं तर सांगितलं, घरात फक्त इंग्लिश बोला, शाळेत तेच लागणार. स्मितानं काही दिवस आईशी इशूसमोर मराठीत बोलायचा प्रयत्न केला. दोघी अवघडून बसायच्या आणि फोन लवकर ठेवायच्या. मॅडमना हे कळल्यावर त्या जवळजवळ चिडल्याच. दोन भाषांनी बोलणं अडत नाही. आई ज्या भाषेत मनापासून बोलते ती बंद केली तर मात्र मुलाचं ऐकणं कमी होतं. आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या यादीत कन्नड शब्द धरलेत का?"

नव्हते धरले. स्मितानं वही काढली. अथणीला असताना तो हात पुढं करून ‘बा’ म्हणायचा. आम्ही समजलो, बाबाची आठवण काढतोय. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ये. तो अज्जीला बोलावत होता. नको असलं की ‘बेडा’तलं नुसतं ‘बेआ’ म्हणायचा, ते आम्ही रडणं समजत होतो. पाणी मागताना ‘नीऊ’, म्हणजे नीरु. सातचे दहा झाले, एका पैशाचा खर्च न करता.

मोबाइलचं सांगायलाच हवं. इशूचं जेवण म्हणजे ताटासमोर मोबाइल, त्यात इंग्लिश बडबडगीतं, आणि आजीनं मागून घास भरवणं. दिवसाला दीड-दोन तास. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्येच सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नाहीच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. मॅडमनी सगळं खापर मोबाइलवर फोडलं नाही. त्या म्हणाल्या, जेवण ही शब्दांची सगळ्यात मोठी वेळ आहे. गरम, गार, अजून, बास, तिखट. ती तुम्ही मोबाइलला देऊन टाकलीत. बंद केल्यावर चार दिवस घरात रणकंदन. पोरगं उपाशी झोपलं एक रात्र. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं.

आणि मग गंमत अशी झाली की आमच्या घरात सगळ्यात चांगली थेरपिस्ट आईच निघाली. सुरुवातीला तिच्यामुळेच सगळं अडत होतं. इशूनं "अं" केलं की पाणी हजर, "अं अं" केलं की केळं सोलून हजर. त्याला तोंड उघडायची गरजच ती पडू द्यायची नाही. पण मोबाइल गेल्यावर भरवताना काहीतरी बोलणं भाग पडलं, आणि तिला जी सवय मुळातच होती ती उपयोगी आली. आई सगळ्यांशी बोलते. परातीशी, कणकेशी, गॅसशी. "आता पीठ घेऊया. पाणी घालूया. थोडंच. चिकटलं बघ मेलं. अजून पीठ." इशू परातीच्या कडेला बसायचा, तोंडाकडे बघत. मी पाठ केलेली वाक्यं बोलायचो. ती पोळ्या करायची. दहा मोजायचं तिला कधीच जमलं नाही, पण लाटी करताना ती आपोआप थांबायची. त्याचा पहिला ‘च’ तिथं आला. "चिक." चिकटलं मधला.

तीन महिन्यांनी परत मिरजेला गेलो. उजव्या कानाचा डोंगर आला होता. डावा अजून सपाट. ग्रोमेटचं ठरवायला अजून थांबू म्हणाले. उन्हाळ्यात सर्द्या कमी झाल्या आणि पुढच्या तपासणीत डावाही मोकळा झाला. शस्त्रक्रिया टळली. दुसऱ्या एखाद्या मुलाला ती लागतेही, बाकावर आमच्याशेजारी बसणाऱ्या जोडप्याच्या मुलीला लागली, आणि तिचं बोलणं त्यानंतर आमच्या इशूहून भराभर सुटलं.

इशूचं भराभर काही सुटलं नाही. नव्या वहीत तारीख घालून शब्द लिहायचो. एका महिन्यात सहा. पुढच्या महिन्यात दोन, आणि जुना एक हरवला. मग दिवाळीनंतर एकदम एकवीस. दोन वर्षं सात महिन्यांचा असताना एका संध्याकाळी मी कामावरून आलो. तो एकटाच डब्याचं झाकण काढायची खटपट करत होता. मी शिकवल्याप्रमाणे खाली बसलो, तोंडासमोर तोंड नेलं आणि म्हणालो, "उघड." त्यानं डबा पोटाशी धरला, माझा हात बाजूला सारला आणि स्वच्छ म्हणाला, "बाबा, बेडा."

दोन शब्द. जोडलेले. एक मराठी, एक कन्नड, आणि अर्थ असा की बाबा, तू नको. मी स्मिताला हाक मारायला उठलो तर पाय लटपटत होते. तिनं लगेच आईला फोन लावला. सासूबाई पलीकडून कन्नडमध्ये हसत काहीतरी बोलल्या, त्यातलं मला फक्त ‘बेडा’ कळलं.

आता तो तीन वर्षं चार महिन्यांचा आहे. वाक्यं बोलतो, क्रियापद कुठंही टाकतो. ‘र’ नाही, ‘ळ’ नाही, घाईत असला की परक्याला अर्धं कळत नाही. शनिवारची थेरपी चालू आहे. सर्दी झाली की मी अजून रात्री उठून त्याचं तोंड उघडं आहे का बघतो. शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेसाठी एकच रेघ होती, स्मितानं तिथं बारीक अक्षरात दोन्ही बसवल्या.

आईच्या लेखी मात्र हिशेब सरळ आहे. पोरगं पेरूनं बोललं. थोडा उशीर लागला, कारण फोड लहान होती. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका सुनेचं पोरगं दोन वर्षांचं झालं, बोलत नाही. आईनं मला रविवारी सकाळी पिशवी देऊन मालगावला पाठवलं. मी काही बोललो नाही, गेलो. मळेवाल्यांनी आकडी काढली. येताना पिशवीत पेरूखाली एक चिठ्ठी टाकली, मिरजेतल्या कान तपासणीचा पत्ता आणि वेळ लिहून, खाली ‘जन्मल्यावर झाली असली तरी’ असं अधोरेखित करून.

पेरू त्याच दिवशी संपला, असं आई म्हणाली. चिठ्ठीचं मी अजून विचारलेलं नाही. गुरुवारी ती सून रिक्षा स्टँडवर दिसली, पोराला खांद्यावर घेऊन. ओल्या रुमालानं त्याचं तोंड पुसत होती.